बाळाचं दूध आणि आईचं वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाळंतिणी असतात. प्रश्न त्यांचे असतात, त्यांच्या नवऱ्यांचे असतात, आणि एकदा तर सूनबाईला न सांगता सासूबाईंनी मोठी चिठ्ठी लिहून पाठवली होती. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा तुम्हाला एखादा आजार असेल, तर तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं आधी, हे पान नंतर.

१. अंगावर पाजलं की वजन आपोआप उतरतं, हे खरं आहे का?

थोडं खरं, पण जेवढं सांगितलं जातं तेवढं नाही. हिशेब करून बघू. पूर्ण अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध पितं. त्या दुधात पाचशेच्या आसपास कॅलरी असतात आणि ते तयार करायला शरीराला आणखी थोडी ऊर्जा लागते. म्हणजे रोजचा खर्च सहाशेच्या घरात. ऐकायला तासभर जोरात चालण्यापेक्षा भारी वाटतं. पण शरीर ही सगळी रक्कम चरबीच्या साठ्यातून काढत नाही. ते भूक वाढवतं. पाजून झालं की रात्री तीन वाजता डब्यातला लाडू शोधणारा हात आपलाच असतो, आणि त्यात इच्छाशक्तीचा काही दोष नाही.

समजा साठ्यातून रोज दीडशे कॅलरी गेल्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा एक किलो उतरायला पन्नास दिवस लागले. अभ्यासही असंच सांगतात. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर पाजणाऱ्या आयांचं वजन पहिल्या महिन्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत सरासरी ४.४ किलो उतरलं, तर पावडरचं दूध देणाऱ्यांचं २.४ किलो. फरक दोन किलोंचा, आणि तोही मुख्यतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पडलेला. डेन्मार्कमध्ये हजारो बायकांच्या पाहणीतही जास्त काळ पाजणाऱ्यांचं उरलेलं वजन कमी आढळलं. उलट बेलारूसमध्ये १७ हजारांवर मायलेकरांच्या प्रयोगात स्तनपानाला खास प्रोत्साहन दिलेल्या गटातल्या आया साडेअकरा वर्षांनी तपासल्या, तेव्हा त्यांच्या लठ्ठपणात दुसऱ्या गटापेक्षा म्हणावा असा फरक नव्हता.

म्हणून ‘पाज, म्हणजे बारीक होशील’ असं कोणी सांगितलं की मला राग येतो. सहा महिन्यांनी वजन हललं नाही की ती बाई स्वतःलाच दोष देत बसते.

२. बाळंतपणात नेमकं किती वजन जातं? मग बाकीचं कशाचं असतं?

प्रसूतीच्या दिवशी बाळ, वार, गर्भजल आणि रक्त मिळून साधारण पाच-सहा किलो जातात. पुढच्या काही आठवड्यांत अंगात साठलेलं पाणी लघवी-घामावाटे निघतं, त्यात आणखी दोन-तीन किलो. गर्भाशय प्रसूतीनंतर जवळपास किलोभर असतं, ते सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. पाजताना स्रवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे ते आवळतं, म्हणून पहिल्या दिवसांत पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ येते. ‘पाजलं की पोट लवकर आत जातं’ या म्हणण्यामागे खरं आहे ते एवढंच.

उरते ती चरबी. यातली दोन-तीन किलो शरीराने दुधासाठीच राखून ठेवलेली असते. गरोदरपणात वीस किलो वाढले असतील तर ते दीड महिन्यात परत जाणार नाहीत. नऊ महिन्यांत चढलेलं उतरायला नऊ महिने, हा अंदाज मला बरा वाटतो.

३. बाळाला वरचं दूध द्यावं लागतं. मग माझं वजन उतरणारच नाही का?

उतरेल. तुमचा हिशेब फक्त वेगळा. दुधाच्या सहाशे कॅलरी खर्च होत नाहीत, म्हणून बाळंतिणीचा ‘खास’ आहार तुम्हाला लागू नाही. नेमकी इथेच गल्लत होते: बाळ डब्यावर, पण घर आईला लाडू भरवतंय. लोह, कॅल्शियम, प्रथिनं तुम्हालाही हवीतच, रक्त तुमचंही गेलं आहे. जास्तीचं तूप-गूळ तेवढं नको. तुम्हाला एक सोयही आहे: रात्रीचं एक पाजणं नवरा किंवा आई घेऊ शकते. सलग पाच तास झोप मिळाली तर ती वजनासाठीही कामाची (प्रश्न १२).

४. मग वजनाचा विचार करून अंगावरचं की वरचं ते ठरवावं का?

नाही. दोन किलोंसाठी पाजू नये आणि दोन किलोंसाठी सोडूही नये. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या तासात पाजायला सुरुवात, सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून अधिक, असं सांगते ते बाळाच्या संसर्गापासून बचावासाठी आणि वाढीसाठी. आईलाही स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. ही कारणं पुरेशी आहेत.

आणि एखादीला जमलं नाही, औषधं चालू आहेत, बाळाला गॅलेक्टोसिमियासारखा (दुधातली साखर शरीराला न चालणारा) आजार आहे, किंवा पाजताना ती रोज रडते आहे, तर पावडरचं दूध हा पर्याय आहे. तो डॉक्टरांशी बोलून ठरवा, डब्यावरच्या गुबगुबीत बाळाकडे बघून नव्हे. खरं तर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने अशा चित्रांना डब्यावर बंदी आहे आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची जाहिरातही करता येत नाही. तरी समाजमाध्यमांवर एखादी ‘मॉमी’ गोड आवाजात डबा हातात धरून बोलताना दिसली, तर ती काय करते आहे ते ओळखा.

५. थोडं अंगावरचं, थोडं वरचं असं चालतं का?

चालतं, पण एक गणित लक्षात ठेवून. दूध मागणीवर बनतं. दुपारचं एक पाजणं बाटलीने झालं की काही दिवसांत शरीर दुपारचा पुरवठा कमी करतं. म्हणून पहिले चार-सहा आठवडे दूध नीट बसेपर्यंत वरचं उगाच सुरू करू नका.

पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो. महिनाअखेर डबा पुरवायला पाणी वाढवणारे मी पाहिले आहेत, आणि बाळ बारीक राहिलं म्हणून चमचा शिगोशीग भरणारेही. दोन्हींनी बाळ आजारी पडतं. वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं बाटलीपेक्षा धुवायला सोपं. वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको.

६. डिंकाचे-अळिवाचे लाडू खायचे की नाही? आई म्हणते खा, इन्स्टाग्राम म्हणतं नको.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून उत्तरही सर्वांत लांब.

मागच्या वर्षी एकीने माहेरून आलेला स्टीलचा डबा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. वर बटर पेपर, खाली डिंकाचे लाडू, एकेक लिंबापेक्षा मोठा. एक काट्यावर ठेवला: ४८ ग्रॅम. तुपात तळलेला डिंक, खारीक, सुकं खोबरं, गूळ, काजू-बदाम, वर खसखस. अशा लाडवात सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी बसतात. ती सकाळी एक आणि संध्याकाळी एक खात होती. शिवाय दोन्ही जेवणांत भातावर पळीभर साजूक तूप, म्हणजे पंधरा-पंधरा ग्रॅम, दर वेळी १३५ कॅलरी. बेरीज करा: सातशेवीस. दुधाचा सगळा खर्च जेवणाच्या आधीच वसूल, वर शंभर शिल्लक. आणि ही बाई सव्वा महिना खोलीबाहेर पडलेली नव्हती.

तरीही मी तिला डबा परत पाठवायला सांगितलं नाही. हा आहार ज्या बायकांसाठी घडला, त्या बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत शेतात वाकत होत्या, एरवी घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खात होत्या. वर्षात तो एक सव्वा महिनाच असा, की बाईला आयतं ताट आणि तूप मिळायचं. त्या शहाणपणाला मी नावं ठेवणार नाही. पण गरोदरपणात पंधरा-वीस किलो वाढलेल्या, दिवसभर खुर्चीत काम करणाऱ्या बाईला तोच आहार तसाच लावला की काटा वर सरकणारच.

मी सांगते ते असं. लाडू सुपारीएवढा वळा आणि दिवसाला एकच घ्या, संध्याकाळच्या चहाऐवजी. डिंक की अळीव असं निवडायचं असेल तर आधी अळीव: त्यात लोह भरपूर, वर लिंबू पिळलं तर ते अंगी लागायला मदत होते, आणि दुधात शिजवलेली पातळ खीर लाडवापेक्षा हलकी. मेथीचे लाडू कमी गुळाचे असतील तर बरे. तूप बंद नाही, पण पळी नको, चहाचा चमचा. शेपू, लसूण, बाजरीची भाकरी, कुळथाची पिठी, मुगाचं वरण, बाळंतशेपा, हे सगळं बिनधास्त.

आता ‘लाडवाने दूध वाढतं का?’ डिंकाने दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही. शतावरी, मेथी यांचाही पुरावा तोकडाच. दूध वाढतं ते बाळाने नीट पकडून वारंवार ओढल्याने. आईला हे कसं सांगायचं हा खरा पेच. एकीने छान मार्ग काढला: लाडू आईच्या देखत घेतला, अर्धा नवऱ्याला दिला. त्याचं वजन वाढलं.

७. दूध पुरतंय की नाही हे कसं कळणार? कमी खाल्लं तर दूध आटेल ना?

बाळ रडतं यावरून दूध कमी ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू, जन्माचं वजन दोन आठवड्यांच्या आत परत, आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ, हे जमत असेल तर पुरतंय. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर चीक थेंबा-थेंबानेच येतो. तेवढाच हवा असतो. तो टाकून मध किंवा साखरपाणी चाटवू नका. वर्षाच्या आत मध अजिबात नको.

जेवण थोडं कमी झाल्याने दूध आटत नाही. शरीर आधी बाळाचं बघतं, मग आईचं. अति उपासमार केली तर मात्र परिणाम होतो (प्रश्न १०).

८. डाएट कधी सुरू करावं आणि दिवसाला किती खावं?

पहिले सहा आठवडे काटा कपाटात ठेवा. त्यानंतर, दूध नीट बसलं असेल आणि बाळाचं वजन वाढत असेल, तर आठवड्याला अर्धा किलो हा वेग सुरक्षित. याचा एक छोटा पण नेमका प्रयोग २००० साली अमेरिकेत झाला. वजन जास्त असलेल्या, पाजणाऱ्या ४० आया होत्या. निम्म्यांनी रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या आणि आठवड्यातून चार दिवस पाऊण तास व्यायाम केला. दहा आठवड्यांत त्या सरासरी ४.८ किलोंनी उतरल्या, दुसरा गट ०.८ ने. बाळांची वाढ दोन्हीकडे सारखीच.

आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे घ्या. बैठं काम करणाऱ्या स्त्रीला रोज १६६० कॅलरी, पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत वर ६००, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. म्हणजे सुमारे २२६०. त्यातून तीन-चारशे कमी केले तर साधारण १८५०-१९५० वर येता, त्याखाली स्वतःच्या मनाने जाऊ नका. प्रथिनं एरवीच्या ४६ ग्रॅमवर आणखी १७. इथेच आपलं ताट तोकडं पडतं. पोळी-भाजी-भातात ती बसत नाहीत. दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा उसळ, दिवसात दोन वाट्या दही-दूध, आणि चालत असेल तर अंडं किंवा मासा असा हिशेब ठेवा.

९. पोट बांधलं की आत जातं का? आणि सिझेरियननंतर व्यायाम कधी?

पट्ट्याने कंबरेला आधार मिळतो, उठताना बरं वाटतं. चरबी जात नाही. पोटाचे मधले स्नायू गरोदरपणात फाकतात. पाठीवर झोपून डोकं किंचित उचला आणि बेंबीजवळ बोटं रोवून पाहा. दोनपेक्षा जास्त बोटांची फट लागली तर सिट-अप्स-क्रंचेस नको, फिजिओथेरपिस्ट गाठा. खूप आवळून बांधलं तर खालच्या अंगावर दाब येतो, खोकल्यासरशी लघवी सुटणाऱ्यांनी तर टाळावंच.

चालणं, दीर्घ श्वास आणि ओटीपोटाचे आवळ-सैल व्यायाम सिझेरियननंतरही लवकर सुरू करता येतात. धावणं, वजनं उचलणं मात्र सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावर, टाक्यांची स्थिती पाहून. व्यायामाने दूध आंबट होत नाही. फार दमछाक केली तर लॅक्टिक आम्ल किंचित वाढतं, बाळाला त्याचं काही नसतं. पाजून मग जा, म्हणजे छातीही हलकी असते.

१०. पाजताना उपवास, कीटो किंवा सोळा तास न खाणं चालेल का?

कीटो नको. दूध तयार करायला साखर लागते. पाजणाऱ्या आईने पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले, किंवा लांबलचक उपाशी राहिली, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) धोक्याच्या पातळीपर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत. मळमळ, उलट्या, धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा.

निर्जळी उपवास नको. एकादशीला साबुदाणा-वऱ्याचे तांदूळ खाऊन, ताक-पाणी पिऊन राहणाऱ्यांना अडचण नाही, पण त्याला वजन कमी करणं म्हणू नका: साबुदाण्याची वाटीभर खिचडी पोळी-भाजीपेक्षा जड असते. संध्याकाळी सातला जेवून सकाळी सातला नाश्ता करता आला तर छान. रात्री पाजताना भूक लागली तर मूठभर फुटाणे खा, घड्याळ बघू नका.

११. वजनाच्या गोळ्या, इंजेक्शनं किंवा ग्रीन टी?

ग्रीन टी दिवसाला एक-दोन कप चालेल, वजनावर फरक नगण्य. ‘नैसर्गिक’ म्हणून येणारी फॅट-बर्नर पावडर नको, आत काय आहे ते विक्रेत्यालाही नक्की ठाऊक नसतं. सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइड ही इंजेक्शनं पाजत असताना घेऊ नका. पुढचं बाळ हवं असेल तर सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं.

१२. अंगावर पाजतेय, लाडूही खात नाही, तरी वजन वाढतंय. का?

आधी झोप बघा. तुकड्या-तुकड्यांच्या झोपेने भूक वाढते आणि गोड हवंसं वाटतं. दुसरं थायरॉइड: बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींच्या थायरॉइडला सूज येते. आधी धडधड होऊन वजन उतरतं, मग सुस्ती, केस गळणं आणि वजन वाढणं. केस तर चौथ्या महिन्याच्या सुमारास बऱ्याच जणींचे गळतात, म्हणून हे निसटतं. टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्या. पीसीओएस (बीजकोशाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असेल तर वजन हट्टी असतं, आणि काहींना दूधही कमी येतं.

तिसरं, मन. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं, खाण्यात सुख शोधणं किंवा अन्नच न जाणं, असं असेल तर वजनाची गोष्ट बाजूला ठेवा. डॉक्टरांशी बोला, किंवा १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

१३. माझा प्रश्न उलटा आहे. मी ४१ किलोंवर आलेय आणि लोक म्हणतात ‘काय मस्त बारीक झालीस!’

त्यांचं ऐकू नका. मीटरमधल्या उंचीला उंचीनेच गुणा, आणि त्या आकड्याने किलोतल्या वजनाला भागा; हे उत्तर १८.५ च्या खाली असेल तर तुम्हाला वजन वाढवायचं आहे. प्रश्न ६ मधला पळीभर तुपाचा आणि मोठ्या लाडवाचा आहार तुमच्यासाठीच आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासा. खोकला रेंगाळत असेल तर क्षयाची तपासणीही. आदिवासी भागात असाल तर अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून बाळंतपणानंतर चौरस जेवण मिळतं, २०१५ पासून. ते तिथेच बसून खा. घरी नेलं की ते वाटलं जातं, हे अंगणवाडी ताईही सांगतील.

१४. गरोदरपणी साखर वाढली होती. माझ्यासाठी काही वेगळं?

हो. प्रश्न ४ मध्ये मी म्हटलं की वजनासाठी पाजू नका. तुमच्या बाबतीत थोडा अपवाद. पाजण्याने पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता कमी होते असं दिसलं आहे, वजन फारसं हललं नाही तरी. सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करा, पुढे दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासा. बहुतेक जणी बाळाच्या लसीची तारीख चुकवत नाहीत आणि ही चाचणी विसरतात, म्हणून मी दोन्ही एकाच दिवशी लिहून देते. गुळाचे लाडू ‘साखर नाही’ म्हणून खाऊ नका.

१५. आम्ही शुद्ध शाकाहारी. वजनासाठी दूध-तूपही बंद केलं तर?

तूप कमी करा, दूध-दही बंद करू नका. बी-१२ शाकाहारी ताटात तेवढ्यातूनच येतं. आईत ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं आणि बाळ सुस्त, फिकट होतं, हसायचं-मान धरायचं विसरतं. आई वरून धडधाकट दिसते. रक्त तपासून गोळ्या किंवा इंजेक्शन घ्या. बाळाचे ड जीवनसत्त्वाचे थेंब वेगळे, रोज ४०० युनिट.

१६. कामावर परत जायचंय. पंप करून दूध काढलं तरी कॅलरी जातात का?

जातात. दूध कसं निघालं याने फरक पडत नाही. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. विदर्भातल्या मे महिन्यात पहिला आकडा विसरा, लगेच थंड करा. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, हे २०१७ पासून कायद्यात आहे. पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाता येतं. हे लेखी मागा.

वजन वाढतं ते कामावर परतल्यावर बहुतेक वेळा चारच्या चहाबरोबरच्या फरसाणाने. डब्यात भिजवलेले चणे किंवा उकडलेलं अंडं न्या.

१७. पाजणं बंद केलं की वजन वाढतं का? आणि पाळी आली नाही तोवर दिवस राहत नाहीत ना?

बंद केल्यावर खर्च थांबतो, सवय थांबत नाही. बाळ वरचं खाऊ लागलं की त्याच्या ताटलीतलं उरलेलंही आईच्या पोटात जातं, तेही मोजा. हळूहळू सोडलंत तर भूकही हळूहळू उतरते.

दुसऱ्या प्रश्नाला तीन अटी आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आत, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी आलेली नाही. तिन्ही पाळल्या तर संरक्षण सुमारे ९८ टक्के. एक जरी सुटली तर दुसरं साधन हवं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या तीन महिन्यांच्या ‘अंतरा’ इंजेक्शनाने दुधाला धक्का लागत नाही, पण काहींचं वजन वाढतं. वजनाचीच काळजी असेल तर तांबी विचारून घ्या. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, म्हणून पाजत असताना पहिल्या सहा महिन्यांत त्या टाळतात.